व इतर

हनुवटी यंत्राच्या कडेवर टेकून, कपाळ वरच्या पट्टीला लावून मी समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचत होतो. वरच्या चार ओळी बिनचूक झाल्या. पाचवीत मी 'म' म्हणालो, 'ग' म्हणालो आणि गप्प झालो. डोळे तपासणाऱ्या मुलीनं भिंग बदललं. "आता?" तिनं आणखी एक भिंग सरकवलं. "आता दिसतंय का, आजोबा?" मी म्हणालो, "दिसतंय. जरा थांबा." दुकानात कुठून तरी बारीक आवाजात गाणं चालू होतं. आत आल्यापासून ते चालू असणार, पण दुकानातल्या गाण्याकडे कोण लक्ष देतं. एक कोवळा, किंचित खरखरीत आवाज, मागे एकच तंतुवाद्य. गाणं शेवटच्या ओळीवर आलं आणि गाणारी मुलगी "थांब" म्हणाली आणि खरोखरच थांबली. वाद्यही थांबलं. त्या अंधाऱ्या खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी उरली. आणि मग, स्वतःशीच बोलावं तशी, "अजून उजेड आहे." मी मोजलं होतं. सवयच तशी. दीड सेकंद, किंवा त्याहून डोळ्याच्या पापणीएवढं कमी. जगात त्या जागी थांबणारी एकच बाई मला माहीत होती, आणि ती या वेळी घरी माझ्या आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत भरत बसली असणार.

"पाचवी ओळ राहिली," तपासणारी मुलगी म्हणाली. मी ती वाचून टाकली. चुकलो असणार, कारण तिनं काही तरी टिपून घेतलं. मग माझी मान मागे करून तिनं दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. म्हणाली, बाहुल्या मोठ्या होतील, आतला पडदा बघायचाय, नंतर तीन-चार तास जवळचं वाचता येणार नाही. मी विचारलं, "वाचता येणार नाही म्हणजे?" "म्हणजे पुस्तक, पेपर, मोबाइल काही नाही. बाकी सगळं करा." बाकी सगळं म्हणजे काय, ते मला पटकन सुचेना. मी शहात्तर वर्षांचा आहे आणि त्यातली बहात्तर वर्षं काही ना काही वाचत आलो आहे. दुसरं काही मला धड येत नाही. लोकांशी बोलायची वेळ आली की आधी मनात वाक्य जुळवतो, मग ते तपासतो, आणि तोवर लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

पण त्या दिवशी मी विचारलं. डोळे मिटून खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, हे आत्ता लागलं होतं ते गाणं कुणाचं. "ते होय. सध्या सगळीकडे तेच आहे. जुनं गाणं आहे म्हणे, हिनं नव्यानं म्हटलंय. तुमच्या वेळचं असेल." "गाणारी कोण?" मला तिच्या पावलांचा आवाज आला, मग मोबाइलवर नख टकटकल्याचा. "नवीनच आहे कुणी तरी. थांबा, खाली तिनं लिहिलंय काही. वाचू?" आणि एका अनोळखी मुलीनं दुसऱ्या अनोळखी मुलीचा मजकूर मला वाचून दाखवला. मी तो ऐकला. एरवी असा मजकूर मी दोनदा वाचला असता, एकदा अर्थासाठी आणि एकदा चुकांसाठी. ऐकताना चुका दिसत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. तो असा होता: हे गाणं मी माझ्या आजीच्या शिलाई मशीनजवळ ठेवलेल्या टेपवर ऐकत मोठी झाले. कॅसेटवर फुलाचं चित्र आहे. आत एका गायकाचं नाव आहे आणि पुढे नुसतं 'व इतर'. मूळ गाणं मी कॉलेजात गेल्यावर ऐकलं आणि मला ते चुकीचं वाटलं, कारण त्यात गायिका थांबतच नाही. ज्या बाईंकडून मी हे गाणं शिकले त्यांचं नाव मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.

"आजोबा, रडताय की काय?" "थेंब घातलेत ना तुम्ही." "हां, ते चुरचुरतात थोडे," ती म्हणाली. भली मुलगी होती. पडदा बघून झाल्यावर, गाणं माझ्या मोबाइलवर पाठवा म्हटलं तर तिनं ते पाठवलं, वर काळी कागदी झापडं दिली डोळ्यांना लावायला, आणि म्हणाली, रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात धरा.

मी कुणाचा हात धरला नाही. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि रस्त्यावर इतका उजेड होता की दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या काचा, माणसांचे कपडे सगळे एकमेकांत विरघळल्यासारखे झाले होते. पाट्यांवर अक्षरं होती, पण ती वाचून घेण्याची सक्ती माझ्यावर नव्हती. ही सक्ती काय असते ते सांगितलं तरी पटायचं नाही. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. शाळेची पुस्तकं, वेळापत्रकं, औषधांच्या खोक्यातल्या घड्या घातलेल्या कागदांवरचा मजकूर. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे छापलेली, आणि मध्ये मी. मूळ प्रतीत असेल ते बरोबर, नसेल ते चूक. मजकूर चांगला की वाईट, हे ठरवायला मला कुणी ठेवलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात सुरक्षित वाटायचं. ज्याला स्वतःच्या मताचा भरवसा नाही त्याच्यासाठी मूळ प्रत ही फार मोठी सोय असते. तिच्यामागे उभं राहिलं की आपण दिसत नाही.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक कॅसेट कंपनी होती. गाजलेली गाणी ती दुसऱ्यांच्या आवाजात भरून स्वस्तात विकायची, बसथांब्यांवर, पेट्रोलपंपांवर. मूळ गायिकेचा फोटो छापायची परवानगी नसे, म्हणून वर फुलाचं चित्र. त्यांची कागदी आवरणं आमच्याकडे छापायला येत. एकदा मी त्यातल्या अठरा चुका काढून परत पाठवल्या, तर त्यांचे मालक स्वतः जिना उतरून खाली आले. म्हणाले, "तुमचे डोळे असे, तर कान कसे असतील?" तसा मी रोज दुपारी वर जायला लागलो. काम तेच. कानाला मोठे हेडफोन लावायचे, आधी मूळ तबकडी ऐकायची, मग काचेपलीकडे गाणाऱ्या बाईचं गाणं ऐकायचं आणि कुठे फरक पडतो ते पेन्सिलीनं टिपायचं. छापील कागद होता त्यासाठी. गाण्याचं नाव, टेक क्रमांक, जुळते, जुळत नाही, सही. गिऱ्हाइकाला घरी नेल्यावर ओळखू येता कामा नये, असं मालकांचं म्हणणं. तिथे मूळ गायिकेला सगळे 'मूळबाई' म्हणत. मूळबाई इथे श्वास घेतात, मूळबाई इथे हसून म्हणतात. काचेपलीकडच्या बाईला नाव नव्हतं. ती नुसती 'दुसरी'.

दुसरी म्हणजे ही, माझी बायको. तिथेच ओळख झाली आणि सहा महिन्यांनी लग्न, आणि लग्नानंतरही अकरा वर्षं मी काचेच्या या बाजूला आणि ती त्या बाजूला. सगळे नवरे बायकोच्या चुका काढतात. मी त्या कंपनीच्या कागदावर काढायचो आणि खाली सही करायचो. हे वाक्य हीच पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे हसायचे. मीही हसायचो. आवरणाचा कागद छपाईला जाण्याआधी माझ्याच नजरेखालून जाई. गायकाचं नाव, मग 'व इतर'. 'व' आणि 'इतर' यांच्यामध्ये जागा सुटली आहे ना, एवढं मी पाहायचो. त्या अकरा वर्षांतल्या कॅसेटांवर माझी बायको त्या दोन शब्दांत आहे, आणि ते दोन शब्द सगळीकडे शुद्ध छापलेले आहेत.

कोपऱ्यावरच्या बाकावर बसलो. काळ्या झापडांतून रस्ता जुन्या फोटोसारखा दिसत होता. मोबाइल कानाशी धरून गाणं पुन्हा लावलं, म्हणजे बोटानं अंदाजे कुठे तरी दाबलं आणि ते लागलं. मूळबाईंचं गाणं मला पाठ आहे. त्या थोर होत्या, यात शंका नाही. शेवटची ओळ त्या एका दमात म्हणतात, लाडिक हुकूम द्यावा तशी, की निघालेला माणूस वळून बघणारच. ही मुलगी तशी म्हणत नाही. तिची हुकमाची वेळ गेलेली आहे. 'थांब' म्हटल्यावर तो थांबतो की नाही ते ती बघते. तो थांबत नसावा. मग जे उरतं ते ती स्वतःला सांगते, की अजून उजेड आहे. शब्द तेच, चाल तीच, आणि गाणं दुसरं. मूळबाईंच्या गाण्यात कुणी तरी थांबतं. या गाण्यात कुणीच थांबत नाही आणि तरी ते दुःखाचं नाही.

आयुष्यभर मी असं धरून चाललो होतो की दुसरं हे पहिल्यापेक्षा एक पायरी खाली. नक्कल ती नक्कल. बाकावर बसून मला वाटलं, आणि एकदा वाटल्यावर त्यात शंका उरली नाही, की मी साफ चुकीचा होतो. पहिला गाणारा गाणं गातो. दुसरा गाणारा गाणं गातो आणि ते गाणं त्यानं कसं ऐकलं होतं तेही गातो. कुठे तो हुरळला होता, कुठे त्याला पटलं नव्हतं, कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या मशीनच्या आवाजात ते त्याच्या कानावर पडलं होतं, ते सगळं त्यात येतं. आम्ही भाड्याच्या पाच घरांत राहिलो. प्रत्येक घराच्या भिंतीत आधीच्या माणसांचे खिळे असायचे. ही कधी नवा खिळा ठोकू देत नसे. आधीच्यांनी जिथे घड्याळ लावलं असेल तिथे ही आरसा लावायची, आणि मग ते घर आमचं व्हायचं. खिळा त्यांचा, आरसा आमचा. असं साधं आहे ते. पण हे साधं मला त्या दुपारी दिसलं नाही, चाळीस वर्षांपूर्वीच्या, जेव्हा हिनं चौथा टेक गायला.

पहिले तीन कुठे तरी अडखळले होते. चौथा सुरू झाला तेव्हा बाहेर असाच उजेड होता, काचेवर त्याचा पट्टा पडला होता आणि त्यामुळे हिचा चेहरा अर्धाच दिसत होता. शेवटच्या ओळीवर ही 'थांब' म्हणाली आणि थांबली. वाजवणारे गोंधळले, त्यांनी हात उचलले. मग हिनं वाद्यांशिवायच ती ओळ पुरी केली. टेप फिरवणारा माणूस इतका बारीक होता की त्याला सगळे काडी म्हणत. काडीनं कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, "हा ठेवू?" मी म्हणालो, "जुळत नाही." काडी म्हणाला, "जुळतंय का, असं मी विचारलं नाही." मी त्याच्याकडे न बघता बोलायच्या माइकचं बटण दाबलं आणि काचेपलीकडे तेच सांगितलं. जुळत नाही, परत घेऊ. पाचवा टेक अगदी जुळला. श्वासासकट जुळला. मूळबाईंच्या गाण्यावर कागद ठेवून गिरवल्यासारखा. बाहेर येऊन चपला घालताना हिनं विचारलं, "आता जुळलं ना?" मी म्हणालो, "अगदी." "मग झालं माझं," ती म्हणाली. मला वाटलं, आजचं काम झालं असं म्हणतेय. पण ती पुन्हा त्या जिन्यानं वर आली नाही. लेक लहान आहे असं कारण तिनं मालकांना दिलं. पुढे ती एका दवाखान्यात नावं नोंदवायच्या खिडकीवर लागली आणि वीस वर्षं माइकवरून नंबर पुकारत राहिली. एकोणीस नंबर. वीस नंबर. लोक म्हणत, काय गोड पुकारतात बाई. घरात मात्र कधी गुणगुणलीसुद्धा नाही. लेक लहान असताना तिला झोपवायला मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो.

आता जे हिला माहीत नाही ते. ही निघून गेल्यावर मी कागद भरला. टेक क्रमांकाच्या जागी मी चारचा आकडा लिहिला, पुढे 'जुळते' खाली खूण केली, सही केली आणि काडीकडे दिलं. काडीनं कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, कागद घडी करून खिशात ठेवला. कॅसेट बाजारात गेली. दोनेक महिन्यांनी बसथांब्यावर उभा होतो तेव्हा समोरच्या दुकानातून गाणं ऐकू आलं. 'थांब', आणि शांतता. मी मोजलं. दीड सेकंद. दुकानदार तसाच हिशेब करत होता, माणसं तशीच बसची वाट बघत होती. एक बाई मात्र पिशवी उचलता उचलता थबकली आणि ओळ पुरी झाल्यावर तिनं पिशवी उचलली. त्या बाईच्या थबकण्यानं मला जे सांगितलं ते मी ऐकून घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी रात्रभर भीत राहिलो आणि सकाळी वर जाऊन एक शुद्धिपत्र लिहिलं. अमुक गाणे, टेक चारच्या जागी टेक पाच वाचावा. ते लिहिताना मला बरं वाटलं, हे कबूल केलंच पाहिजे. पुढच्या सगळ्या प्रतींवर पाचवा टेक गेला. आमच्या घरी जी प्रत आली ती त्यातलीच. ही तिला हातही लावायची नाही, पण समजा लावला असता तरी तिला गिरवलेलं गाणंच ऐकू आलं असतं. चौथा टेक पहिल्या खेपेच्या प्रतींत राहिला, आणि त्यातली एक प्रत कुणाच्या तरी शिलाई मशीनशेजारी.

चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हात चुकला. दमलो होतो, पाचच्या जागी चार, होतं असं. मुद्रितं तपासणाऱ्याच्याच कागदात चूक राहते, यावर आमच्या छापखान्यात विनोद असत. पण बाकावर बसलो असताना, समोरचं एकही अक्षर वाचता येत नसताना, मला तो कागद स्वच्छ दिसला. मी तो चार हळू काढला होता, नीट वळण देऊन. हात चुकला नव्हता. चूक झाली ती शुद्धिपत्रात.

घरी जायचा रस्ता पायाला पाठ आहे. चालताना मी वाक्यं जुळवायला लागलो, नेहमीसारखी, आणि ती नेहमीसारखी एकमेकांवर आदळायला लागली. न सांगण्याची सोय होतीच. ही मोबाइलवर गाणी ऐकत नाही. पण ते गाणं सगळीकडे होतं. दोन दिवसांत, चार दिवसांत, भाजी घेताना नाही तर दवाखान्यात माझ्यासाठी रांगेत बसली असताना ते हिच्या कानावर पडणार. हिला वाटणार, आपण जिथे थांबलो होतो तिथे एक मुलगी थांबली आणि जग तिला वाहवा म्हणतंय, आणि आपल्याला आपल्या माणसानं जुळत नाही म्हणून परत गायला लावलं. ते तिनं एकटीनं ऐकू नये, एवढं मला कळत होतं. आणि सांगितलं तर शुद्धिपत्र सांगावं लागणार. तेवढं गाळून सांगता आलं असतं. चौथा टेक मी मुद्दाम पाठवला होता, असं म्हणून थांबता आलं असतं. त्या वाक्यात मी बरा दिसलो असतो.

दार उघडंच होतं. ही टेबलाशी गोळ्यांची डबी घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "हे काय ध्यान. झापडं कसली?" "बाहुल्या मोठ्या केल्यात. वाचता येत नाही." "मग आज जगबुडीच म्हणायची. बसा. चहा टाकते." "चहा नको. तू बस." ही बसली. मी असं एरवी म्हणत नाही. "डोळ्यांत काही निघालं का?" तिनं विचारलं. आवाज सपाट होता, पण गोळ्यांचा आवाज थांबला होता. "डोळे ठीक आहेत. एक ऐकायचंय तुला." मोबाइल तिच्या पुढे सरकवला. "शेवटचं लावलेलं गाणं."

गाणं सुरू झालं. पहिल्याच सुरांत हिनं ते ओळखलं. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणजे दिसत होता, पण जवळचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं. हात दिसत होते. एका हातात पांढरी गोळी, ती तिनं खाली ठेवली नाही. कडवी गेली. 'थांब' आलं. मी मोजायला लागलो आणि मध्येच विसरलो. "अजून उजेड आहे," मुलगी म्हणाली, आणि गाणं संपलं. मग मी बोललो. वाक्य न जुळवता. मुलीनं काय लिहिलंय ते सांगितलं. शिलाई मशीन सांगितलं. चार लिहिला होता ते सांगितलं, आणि मग शुद्धिपत्र सांगितलं, शब्दासकट. टेक चारच्या जागी टेक पाच वाचावा.

"वाचावा," ही म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "वाचावा. गाणं." मला वाटलं, आता उठून जाईल. ती उठली नाही. "तुम्हाला एक विचारू? मी त्या दिवशी का थांबले, माहीत आहे?" "नाही." "कधी विचारलंतच नाही. तुम्ही पेन्सिल खाली ठेवली होती." "मी?" "मग काय काडीनं? अकरा वर्षांत गाणं चालू असताना तुमच्या हातातली पेन्सिल कधी खाली गेली नव्हती. मी काचेतून तेवढंच बघत असायचे, पेन्सिल कुठे हलते ते. 'थांब' म्हटलं आणि बघते तर पेन्सिल टेबलावर. मला वाटलं, इतकं चुकलं की टिपायचंसुद्धा सोडून दिलं यांनी. म्हणून तोंडचं तोंडातच राहिलं. मग तुमच्याकडे बघितलं. तर तुम्ही ऐकत होता. तपासत नव्हता. नुसते ऐकत होता. म्हटलं, आता चुकलंच आहे तर यांना सांगून टाकू पुढचं. म्हणून म्हटली ती ओळ. तुम्हाला. आणि तुम्ही बटण दाबून म्हणालात, जुळत नाही."

पेन्सिल खाली ठेवल्याचं मला आठवत नाही. अजूनही आठवत नाही. जगातल्या एका गाण्यातली ती दीड सेकंदाची शांतता माझ्या हातून घडली, आणि ती तपासून मीच बाद केली. हे मला भयंकर वाटायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या छातीत काही तरी सरळ होत गेलं, दुमडलेलं पान सरळ करावं तसं.

"आवडलं होतं का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"हो."

"किती?"

"इतकं की चार लिहिला."

"मग तेव्हा तोंडानं का नाही म्हणालात?"

मी विचार केला. बरं उत्तर शोधायला वेळ होता, पण खरं एकच होतं. "कागदावर तसा रकाना नव्हता," मी म्हणालो.

ही हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं, आणि मग हसणं जरा लांबलं आणि ते हसणंच आहे की नाही ते मला त्या डोळ्यांनी कळेना. पदरानं तोंड पुसल्यासारखं काही तरी केलं तिनं. म्हणाली, "पन्नास वर्षं काढली मी या माणसाबरोबर." हे तिनं मला सांगितलं नाही, गोळ्यांच्या डबीला सांगितलं. मग मोबाइल ओढून घेतला आणि गाणं पुन्हा लावलं, फक्त शेवट. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा 'थांब' आलं तेव्हा तिनं हात वर धरला, वाजवणाऱ्यांना आवरावं तसा. मुलीनं ओळ म्हटली, पण हिचा हात अजून वरच होता. मग तो खाली आला.

"थोडं लवकर घेतलं तिनं," ही म्हणाली.

"पापणीएवढं," मी म्हणालो.

"पापणीएवढं. पण चांगली आहे. माझ्यासारखं करायला जात नाहीये. मी थांबले ती भिऊन. ही भीत नाहीये." मग म्हणाली, "तिला सांगायचं ना?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता एका बोटानं लिहायला लागली. एकेक अक्षर शोधून, मध्ये खोडून. मी टेबलाच्या अलीकडे बसलो होतो आणि पलीकडे ती, आणि मध्ये काच नव्हती, तरी मला तिनं काय लिहिलं ते दिसत नव्हतं. विचारलं, "नाव लिहिलंस?" "लिहिलं." "पूर्ण?" "माहेरचं. गायचे तेव्हा तेच होतं." "आणखी काय लिहिलंस? वाच तरी. शुद्धलेखनाचं काही—" "पाठवलंसुद्धा," ती म्हणाली. "उद्या दिसायला लागलं की तपासा."

तिनं डबीची झाकणं एकेक करून लावली आणि चहा टाकायला आत गेली. खिडकीतून येणारा उजेड टेबलावर पसरला होता आणि मला त्यात फक्त रंग दिसत होते, कडा नव्हत्या. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. गॅस पेटल्याचा आला. मग आतून, जुन्या झालेल्या, तळाशी थोड्या फाटलेल्या आवाजात, कुठल्याही तयारीशिवाय, शेवटची ओळ आली. "थांब," ती म्हणाली, आणि थांबली.

मी मोजलं नाही.